गुलाबीचं निळं

प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला भीती वाटली ती काचेची. आमच्या घरात काचेच्या वस्तू दोनच होत्या, एक आरसा आणि एक कंदिलाची काच. कंदिलाची काच राखेनं पुसायची वेळ झाली की आई आम्हा भावंडांना जवळ फिरकू द्यायची नाही. इथे तर भिंतभर काच होती. चंचुपात्रं, नळ्या, फ्लास्क, आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर क्रमांक. मी कित्येक दिवस हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. शिक्षकांना वाटायचं, मुलगा शिस्तीचा आहे.

आम्ही देवळाली कँपात राहायचो. वडील लष्कराच्या बंगल्यांवर माळीकाम करत. मूळ गाव चांदवडच्या बाजूला. वडील दुसरीपर्यंत शिकलेले, आई अंगठा. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून घाबरायचं कसं आणि किती, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. कँपात तोफांचा सराव सुरू झाला की खिडक्या थरथरत आणि आई त्याच तालात भाकरी थापत राही. मी मात्र परीक्षानळी स्टँडला लागून किणकिणली तरी दचकायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. प्रबंधिकेसाठी आमच्या सरांनी मला निवडलं. का निवडलं, हे त्यांनी एकदा सांगितलं: "तू वस्तू हळू ठेवतोस." त्यांना तो जपून वागण्याचा गुण वाटला. ती भीती होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हापासूनच बहुधा मी त्यांच्यापासून काहीतरी लपवत होतो.

काम काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. सरांनीही मला ते सोप्या शब्दांतच सांगितलं होतं. भट्टी न लावता काच करायची. सिलिकॉनचं एक पातळ द्रव्य, स्पिरिट, थोडं पाणी आणि आम्लाचे दोन-चार थेंब एकत्र ढवळायचे आणि झाकून ठेवायचं. काही दिवसांनी ते मिश्रण थिजतं. भांडं कलतं केलं तरी हलत नाही, पण आरपार दिसतं. मग ते इतक्या सावकाश वाळू द्यायचं की त्याला आपण वाळतोय हे कळू नये. सहा आठवड्यांनी रुपयाएवढी चकती शर्टाच्या बटणाएवढी होते. ही काच वरून गुळगुळीत दिसली तरी आत स्पंजासारखी असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांची. त्या छिद्रांच्या भिंतींना पाण्याची ओढ असते.

"या भिंतींना असंख्य हात आहेत असं समज," सर म्हणाले होते. "ते सारखे पाण्याचा हात धरायला बघतात. आपण काय करायचं, तर त्या हातांत पाण्याऐवजी तेलकट शेपट्या द्यायच्या. कार्बनच्या साखळ्या. हात एकदा गुंतले की पाणी आलं तरी धरायला हात मोकळा नाही. मग अशा काचेतून मिश्रणं गाळली की तेलाच्या जातीचं मागे राहतं आणि पाण्याच्या जातीचं पुढे जातं."

चकत्यांसाठी मी देवळालीच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओतून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या. झाकणांना सुईनं भोकं पाडली. रोज सकाळी बसमधून उतरून पहिलं काम म्हणजे डब्यांवर कान ठेवणं. काच वाळताना तडकते. आवाज अगदी बारीक येतो, टिक्. दोन डझन डब्यांतून दसऱ्यापर्यंत सात चकत्या अखंड राहिल्या. तडकलेल्याही मी टाकल्या नाहीत. त्या खलबत्त्यात कुटून पूड करून ठेवली. पुडीवरही शेपट्या लावता येतात, असं सर म्हणाले होते.

शेपट्या लावायचं औषध मात्र एकाच बाटलीत होतं. त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही नुसतं सिलेन म्हणायचो. सरांच्या परदेशात शिकलेल्या एका मित्रानं ती बाटली मिळवून दिली होती. तळहाताएवढी, गडद तपकिरी. तशी दुसरी कॉलेजात नव्हती आणि मागवायची म्हटली तर माझं वर्ष निघून गेलं असतं. प्रबंधिका नाही तर पदवी नाही. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरजच नव्हती.

ज्या दिवशी सरांनी ती बाटली दाखवली तो दिवस लख्ख आठवतो. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हसत म्हणाले, "ही आमच्या आत्यासारखी. कडक सोवळ्यातली. पाणी शिवलं की संपलं."

बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसला. आम्ही बौद्ध आहोत, हे त्यांना माहीत होतं. मला राग आला नाही. येतो म्हणतात, पण मला खरंच आला नाही. मला एवढंच वाटलं की जगातल्या कुणाच्याही हातून ही बाटली बिघडली तर तो अपघात असेल, माझ्या हातून बिघडली तर मात्र त्याला वेगळं नाव मिळेल.

"हवेतली ओलसुद्धा चालत नाही," सर पुढे म्हणाले, जरा घाईनं. "धूर येतो, आत पांढरं साचतं, मग फेकून द्यायची. म्हणून ही डेसिकेटरात राहील."

डेसिकेटर म्हणजे जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं. कडेला व्हॅसलीन लावून झाकण सरकवून बसवायचं. तळाशी निळ्या गोळ्या असतात, साबुदाण्याहून जरा मोठ्या. त्या हवेतली ओल शोषून घेतात. कोरड्या आहेत तोवर निळ्या, ओल प्यायल्या की गुलाबी. गुलाबी झाल्या की भट्टीत दोन तास तापवायच्या, पुन्हा निळ्या. सरांनी भांडं कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तुझ्याचकडे राहू दे. रोज गोळ्यांचा रंग बघायचा. गुलाबी दिसल्या तर आधी मला सांगायचं."

ती किल्ली मी करगोट्यात बांधली. घरी आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, की अशी अशी बाटली आहे, तिला पाणी शिवलेलं चालत नाही. आई पीठ मळत होती. ती थांबली.

"पाण्याला शिवायची बंदी?"

"हो."

"पाण्यालाच?"

"हो, आई."

ती इतकी हसली की पिठाचा हात तोंडावर गेला. "लय बरं झालं. आता पाण्यालाबी कळंल."

वडील बाहेर ओट्यावर बसले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "किल्ली हरवू नको."

प्रयोगशाळेत सरांखेरीज आणखी एक माणूस होता, प्रयोगशाळेचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. कुठली काच कधी फुटली, कुणी फोडली आणि कुणाच्या नावावर लिहिली गेली, हे त्यांना तोंडपाठ. मला ते 'देवळाली' म्हणूनच हाक मारायचे. "काय देवळाली, आज तोफा उडाल्या का?" दुपारी डबा उघडला की लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकायचे, विचारायचे नाहीत. मला ते आवडत आणि त्यांची भीतीही वाटे, कारण त्यांना सगळं दिसायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले.

"देवळाली, किल्ली दे."

"कसली, मामा?"

"कसली म्हणजे? त्या कपाटाची. उद्या पूजा. तू काय उद्या यायचा नाहीस, परवा तर तुमचाही मोठा दिवस. सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लागणार. तराजूला लागणार, भट्टीला लागणार, आणि सगळ्यांत मोलाची चीज कपाटात कुलूपबंद? तिनं काय पाप केलंय?"

सरांचं वाक्य मला आठवत होतं. तुझ्याचकडे राहू दे. सर त्या दिवशी पुण्याला गेले होते. मी म्हणायला हवं होतं, मामा, सर येऊ देत. एवढंसं वाक्य. पण ते तोंडापर्यंत आलं तेव्हा त्याच्यामागे दुसरं वाक्य उभं दिसलं, मामांनी न बोललेलं: हे लोक पूजेला आडवे येतात. मामा तसं म्हणाले असते का? आज वाटतं, नसते म्हणाले. तेव्हा मला विचारून बघण्याचाही धीर नव्हता. मी भिंतीकडे तोंड केलं, शर्ट वर घेऊन करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली दिली.

"बाटली उघडू नका, मामा. पाणी..."

"अरे, मला शिकवतोस?" ते हसत म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात होतो. आईनं नवी पांढरी साडी नेसली होती. सगळे वंदना म्हणत होते, मीही म्हणत होतो, आणि माझा हात सारखा कमरेकडे जात होता, जिथे किल्ली नव्हती.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी मी पहिल्या बसनं गेलो. मामांनी किल्ली परत दिली, वर प्रसादाचे पेढे दिले. प्रयोगशाळेत प्रत्येक वस्तूला हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं. झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. मी कपाट उघडलं.

डेसिकेटरचं झाकण बोटभर सरकलेलं होतं. बाटलीच्या लेबलवर हळदीचं ओलं बोट उमटून वाळलं होतं. आणि गोळ्या गुलाबी होत्या. सगळ्या नव्हत्या. कडेच्या काही अजून जांभळट होत्या, मधल्या पूर्ण गुलाबी, आणि बऱ्याच फुटून त्यांचे कण झाले होते.

मी मामांना गाठलं.

"मामा, तुम्ही आत पाणी घातलं?"

"पाणी नाही रे. रामकुंडावरनं सकाळीच तीर्थ आणलं होतं, तेच फुलानं शिंपडलं. बाटलीचं बूच काढलं नाही हां! वरूनच." मग त्यांचा चेहरा उजळला. "आणि एक गंमत सांगू? आत तीर्थाचे थेंब पडले तर गोळ्या चटचट वाजायला लागल्या. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, देव पावला पोराला!"

त्या गोळ्यांवर थेट पाणी पडलं की त्या तडकतात, तोच तो आवाज. हे मी सांगायला हवं होतं. पण मामांनी लगेच विचारलं, "का रे? तीर्थानं कधी काही नासतं का?"

याला मी काय उत्तर देणार होतो? हो म्हणावं तर मी कोण, नाही म्हणावं तर सिलेन. मी म्हटलं, "नाही, मामा." ते झेंडूच्या माळा काढायला गेले.

सरांनी सांगितलं होतं, गुलाबी दिसल्या तर आधी मला सांगायचं. सर दुपारी येणार होते. माझ्याकडे तीन तास होते. मी फुटलेले कण वेचून शर्टाच्या खिशात भरले. उरलेल्या गोळ्या भट्टीत ठेवल्या. घड्याळाकडे बघत बसलो. लेबलवरची हळद रुमालानं पुसली, जात नव्हती. नखानं खरवडली तर कागद निघायला लागला. शेवटी बाटली फिरवून लेबल मागे करायचं ठरवलं. दोन तासांनी गोळ्या निळ्या झाल्या, अगदी पहिल्यासारख्या. तेवढ्यात जिन्यात सरांच्या चपलांचा आवाज आला. मी गोळ्या गरमच भांड्यात ओतल्या, वर बाटली ठेवली, झाकण घट्ट बसवलं, कपाटाला कुलूप लावलं.

सरांनी दारातूनच विचारलं, "रंग काय म्हणतोय?"

"निळा आहे, सर."

खोटं नव्हतं. इतकं खरं बोलून मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी बसमध्ये घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. घरी आईनं धुवायला टाकायच्या आधी शर्टाचा खिसा उलटा केला तर खाली कण पडले. सकाळी जे थोडेफार जांभळट होते तेही आता गुलाबी झाले होते.

"हे काय मोडलंस?" आईनं विचारलं.

"काही नाही."

तिनं ते कण तळहातावर घेतले, माझ्याकडे पाहिलं, आणि केराच्या टोपलीत न टाकता चुलीमागच्या कोनाड्यात ठेवले. "मोलाचं असंल तर परत न्यायचं," म्हणाली.

पुढचे चार दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. मी जेवत होतो, बसनं जात-येत होतो, डब्यांवर कान ठेवत होतो. बाटली आतून बिघडली आहे की नाही, हे ती उघडल्याशिवाय कळणार नव्हतं आणि उघडणार होती ती सरांसमोरच. तडकलेल्या चकतीचा टिक् आवाज आला की वाटायचं, आता हा सगळ्यांना ऐकू गेला. एकदा तर मनात असंही आलं की सिलेन बिघडलीच तर मामांचं नाव सांगायचं. त्यांनीच तर तीर्थ शिंपडलं. हा विचार आला आणि गेला, पण आला होता.

पाचव्या दिवशी सर म्हणाले, "चला, आज शेपट्या लावू."

टोल्युइन, म्हणजे ज्यात सगळं उकळायचं ते द्रावक, पाण्याचा अंश काढून कोरडं करून ठेवलेलं होतं. काचेचा संच जोडून झाला, पाण्याचा अंशही राहू नये म्हणून प्रत्येक भांडं भट्टीतून काढलेलं. मी कपाट उघडून डेसिकेटर टेबलावर आणला. सरांनी झाकण सरकवायला हात लावला.

झाकण हललं नाही.

त्यांनी जोर लावला. तरी नाही. मामा पुढे आले, त्यांनी भांडं पोटाशी धरलं, सरांनी झाकण ढकललं. जणू दोन्ही मिळून एकच काच होती. सर थांबले. भांड्याकडे वाकून बघत राहिले, मग सावकाश म्हणाले, "आत गरम गोळ्या कुणी ठेवल्या?"

मला तेव्हा कळलं आपण काय केलं ते. गरम गोळ्यांनी आतली हवा तापवून पातळ केली, मग सगळं गार झाल्यावर आत पोकळी राहिली आणि बाहेरच्या हवेनं झाकण दाबून धरलं. हे आम्हाला शिकवलं होतं. गरम काही ठेवलं तर झाकण थोडा वेळ किंचित सरकवून ठेवायचं. परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुण मिळवले होते.

"कुणी?" सरांनी पुन्हा विचारलं.

"मीच ठेवल्या, साहेब," मामा म्हणाले. अगदी सहज, जशी फुटलेल्या नळीची नोंद सांगावी तसे. "म्हातारपण. लक्षात राहिलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे त्या सकाळी माळा काढता काढता त्यांनी मला भट्टीपाशी पाहिलं होतं, आणि चार दिवस लोणच्याची फोड देत राहिले होते. गप्प राहिलो असतो तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांच्या नावावर आधीच इतक्या फुटलेल्या नळ्या होत्या, आणखी एक.

मी काहीतरी बोललो. आवाज इतका बारीक निघाला की सरांना ऐकू गेला नाही.

"काय?"

तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा फार अवघड होतं. "सर, मी ठेवल्या. गुलाबी झाल्या होत्या. मी तापवून निळ्या केल्या." मग बाकीचंही बाहेर आलं, किल्ली, पूजा, तीर्थ, खिशातले कण. मामा मध्येच म्हणाले, "साहेब, किल्ली मीच मागितली होती," पण सरांनी हात वर केला.

नळ टपकत होता.

"किल्ली," सर म्हणाले.

मी ती टेबलावर ठेवली. त्यांनी उचलून खिशात टाकली.

"पूजेला किल्ली दिलीस याचा मला राग नाही. खंडेनवमीला माझ्या घरीही टाइपरायटरला हळदकुंकू लागलं. तुला मामांना नाही म्हणता आलं नाही, ते का आलं नाही, हेही मला थोडंफार कळतं." इथे ते थांबले आणि चष्म्याकडे हात नेऊन परत खाली घेतला. "पण तू गुलाबीचं निळं केलंस. त्या गोळ्या खरं सांगत होत्या, त्यांना तू खोटं बोलायला लावलंस. आणि ते निळं मी खरं धरून चाललो होतो."

मला वाटलं, संपलं. पण सर मामांना म्हणाले, "गरम फडकं आणा."

मामा बादलीकडे वळले.

"कोरडं, मामा! कोरडं!"

"अहो, कोरडंच आणतोय," मामा म्हणाले आणि बादलीपासून भट्टीकडे वळले.

गरम फडकं कडेभोवती गुंडाळून, झाकणाच्या फटीत पातळ पातं घालून, तिघांनी मिळून पाव तास खटपट केली. झाकण फुस्स करून सुटलं तेव्हा मी डोळे मिटले होते. सरांनी बाटली बाहेर काढून फिरवली. हळदीचं बोट समोर आलं.

"अरे वा, हळद लागली म्हणायची! मुहूर्त कधीचा?"

मामा हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. सर स्वतःशीच थोडंसं हसले, आणि त्या हसण्यानं मला जितकं रडू आलं तितकं त्यांच्या रागानं आलं नव्हतं.

त्यांनी मला मागे उभं केलं आणि बूच स्वतः काढलं. गळ्यापाशी पांढरा थर होता. धुराची एक बारीक रेघ वर आली, घशाला झोंबली. आतलं द्रव्य स्वच्छ आहे की गढूळ, तपकिरी काचेतून कळत नव्हतं. सरांनी पिपेटनं थोडं काढून उजेडात धरलं. "वाईट दिसत नाही," म्हणाले. चांगलं आहे, असं म्हणाले नाहीत.

पूड आणि दोन चकत्या त्या दिवशी टोल्युइनमध्ये सहा तास उकळल्या. मग धुणं, गाळणं, वाळवणं. तिसऱ्या दिवशी सरांनी दोन चंचुपात्रं पाणी भरून ठेवली. एकात शेपट्या न लावलेली पूड चिमूटभर टाकली. ती पाण्याला भेटताच ओली झाली आणि बुडाली. दुसऱ्यात आमची पूड टाकायला त्यांनी मला सांगितलं. टाकताना अर्धी टेबलावर सांडली.

पाण्यावर पूड पसरली आणि थांबली. मग काही कण डुगडुगले आणि खाली जायला लागले. आणखी काही गेले. बाकीचे राहिले. सरांनी काचेच्या कांडीनं ढवळलं, कण खाली गेले आणि पुन्हा वर आले, कोरडेच्या कोरडे.

"निम्म्याहून जास्त तरलं," सर म्हणाले. "प्रबंधिका होईल. जे बुडलं तेही लिहायचं."

मामांनी पाण्याकडे वाकून पाहिलं. "बघा, तीर्थानं नासलं नाही ना?"

"मामा, निम्मंच वाचलं," सर म्हणाले.

"निम्मं!" मामा म्हणाले, जणू ते पुष्कळ होतं.

सगळं वहीत इंग्रजीत लिहायचं होतं. गोळ्या गुलाबी झाल्या, त्यांवर पाणी पडलं, त्या कळवल्याशिवाय तापवल्या, गरम ठेवल्या. कळवल्याशिवाय हा शब्द सरांनी माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतला, कारण पहिल्यांदा मी तो वगळला होता. संध्याकाळी मामा वहीशी आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"तीर्थ लिहिलंस ना?"

मी फक्त पाणी लिहिलं होतं. मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि समासात देवनागरीत 'तीर्थ' असं लिहिलं. त्यांनी ते अक्षर लावून वाचलं आणि मान हलवली. आता मला खोटं बोलायचं नव्हतं, निदान त्या आठवड्यात तरी.

किल्ली मला परत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती मामांच्या स्टुलाशेजारी खिळ्याला टांगलेली दिसली, कुणीही घ्यावी अशी. सरांनी सगळ्यांवर विश्वास टाकला, की फक्त माझ्यावरचा काढून घेतला, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत ते माझ्याशी चांगलेच वागले. पण खिळ्याजवळून जाताना मी दर वेळी हात पाठीमागे बांधायचो.

सरांना विचारून मी चिमूटभर पूड कागदाच्या पुडीत घरी नेली. आईनं विचारलं होतं, काय केलंस इतके दिवस. घडलं ते सगळं तिला सांगितलं, मग वाटीत पाणी घेतलं आणि त्यावर पूड पसरली. चांगली तरलेली निवडून आणली होती, त्यामुळे एकही कण बुडाला नाही.

"बोट घाल."

"भाजंल का?"

"नाही गं."

आईनं बोट हळूच पाण्यात घातलं. पूड बोटाभोवती पांढऱ्या कातडीसारखी गुंडाळली गेली. बोट पाण्यात होतं, काढलं तर कोरडं. तिनं ते अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"पाणी शिवलंच नाय," ती म्हणाली.

"हो. तेच केलं आम्ही."

मला वाटलं होतं ती हसेल, पहिल्यासारखी. ती वाटीकडे बघत राहिली.

"आणि ते मामा? त्यांनी तुझं नाव वाचवाय बघितलं, तर तू त्यांना काय म्हणलास?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. तोपर्यंत ते मला सुचलंही नव्हतं.

आईनं कोनाड्यातले ते कण काढून कागदात बांधले आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवले, उद्या परत न्यायला. मग पुन्हा वाटीकडे वळली. या वेळी तिनं बोट नाही, चारही बोटं एकदम घातली आणि दाबत राहिली, पूड फाटेपर्यंत, वाटीच्या तळाला टेकेपर्यंत. हात वर काढला तेव्हा तो मनगटापर्यंत ओला होता. तिनं तो पदराला पुसला नाही. तसाच धरून बसली.